रद्दीपासून कागदनिर्मिती

वापरून झालेला कागद आणि पुठ्ठा पाण्यात घुसळून त्याचे तंतू मोकळे करणे आणि त्या तंतूंपासून पुन्हा कागद, पुठ्ठा किंवा साच्यातील वस्तू घडवणे, अशी ही प्रक्रिया आहे. भारतात तयार होणाऱ्या कागदापैकी सर्वांत मोठा वाटा लाकडाचा किंवा बांबूचा नसून रद्दीचा आहे. किराणा दुकानात येणारी खोकी, औषधाच्या डब्या, बुटांचे खोके, अंड्यांचे ट्रे या सगळ्यांचा कच्चा माल बहुधा कुणाच्या तरी घरातून किंवा गोदामातून किलोवर विकला गेलेला असतो.

कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंचा वाळलेला थर. या तंतूंना एकमेकांशी बांधणारे हायड्रोजन बंध पाण्यात सैल होतात आणि वाळताना पुन्हा जुळतात, त्यामुळे जुना कागद मोडून नवा करायला वेगळा गोंद लागत नाही. मात्र प्रत्येक फेरीत तंतू थोडे तुटतात आणि वाळल्यामुळे ताठर होतात. साधारण पाच ते सात फेऱ्यांनंतर ते इतके आखूड होतात की जाळीतून पाण्याबरोबर निघून जातात. केवळ रद्दीवर कागदाचे चक्र अखंड फिरत राहील, ही समजूत म्हणून चुकीची आहे. त्यात कुठून तरी नवा, लांब तंतू येत राहावा लागतो.

इतिहास : जपानमध्ये हेइआन काळातच (आठव्या शतकाच्या अखेरीपासून बाराव्या शतकापर्यंत) दरबारी कामासाठी जुने लिहिलेले कागद पुन्हा लगदा करून वापरले जात. शाई काढण्याची सोय नसल्याने तो कागद करडा दिसे. छापील कागदावरील शाई काढून त्याचा नवा कागद करण्याची कृती जर्मनीतील ग्योटिंगेन येथील कायदेतज्ज्ञ युस्टुस क्लाप्रोट यांनी १७७४ मध्ये प्रसिद्ध केली. इंग्लंडमध्ये मथायस कूप्स यांनी १८०० च्या सुमारास अशाच कृतीचे पेटंट घेऊन कारखाना काढला. तो काही वर्षांतच बुडाला, पण कल्पना टिकली.

महाराष्ट्रात दौलताबादजवळचा कागजीपुरा आणि जुन्नर ही हातकागदाची जुनी ठिकाणे. कागदी कारागिरांना चिंध्या, गोणपाट, जुने दोरखंड आणि जुना कागद असा टाकाऊ मालच लागत असे. पुण्याची हातकागद संस्था १९४० मध्ये सुरू झाली. तिथला कागद मुख्यतः सुती कापडाच्या कातरणांपासून होतो. आणखी एक परंपरा कारखान्यांच्या इतिहासात सहसा नोंदली जात नाही. घरोघरी बायका रद्दी भिजवून, कांडून, त्यात मेथ्यांची पूड मिसळून टोपल्या घडवत आणि सुपांना लिंपत. मेथीचा चिकटपणा लगद्याला धरून ठेवतो.

प्रतवारी : नव्या कागदाचा दर्जा यंत्रापेक्षा येथे जास्त ठरतो. वर्तमानपत्र, वह्या-पुस्तके, पुठ्ठा आणि छापखान्यातली पांढरी कातरण यांचे भाव वेगवेगळे असतात, आणि त्यामागे तंतूचे कारण आहे. पांढऱ्या कातरणीत रासायनिक पद्धतीने शुद्ध केलेला, छपाई न झालेला लगदा असतो, त्यामुळे तिला सर्वाधिक भाव. वर्तमानपत्राचा कागद लाकूड यंत्रावर घासून केलेला असतो. त्यात लिग्निन, म्हणजे लाकडातील तंतूंना जोडून ठेवणारे द्रव्य, शिल्लक राहते, म्हणून तो उन्हात पिवळा पडतो. असा कागद पांढऱ्या मालात मिसळला की सगळ्या लगद्याचा रंग उतरतो. तपकिरी पुठ्ठ्यात लांब, मजबूत तंतू असतात, पण त्याचा पांढरा कागद करणे परवडत नाही. थोडक्यात, चांगली रद्दी वाईट करता येते, वाईट रद्दी चांगली करता येत नाही.

या बाबतीत आपल्याकडची पद्धत बरीच शहाणपणाची आहे. घरातली वर्तमानपत्रे कोरडी ठेवून, दोरीने बांधून रद्दीवाल्याला वजनावर दिली जातात. पुढे गोदामात माणसे हाताने निवड करतात. पाश्चात्त्य देशांत अनेक शहरे कागद, काच आणि प्लास्टिक एकाच डब्यात गोळा करतात, आणि मग कागदात काचेचे तुकडे व खरकटे सापडते. हाताने होणाऱ्या निवडीचे मोल मात्र ती करणाऱ्यांना फार उशिरा मिळाले. पुण्यातील कचरावेचकांनी १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभारली. तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि तिचे सदस्य महापालिकेच्या सहकार्याने घरोघरचा कचरा गोळा करू लागले.

कारखान्यातील प्रक्रिया : रद्दीच्या दाबून बांधलेल्या गासड्या पल्पर नावाच्या मोठ्या टाकीत पडतात. तळाशी फिरणारे पाते घरच्या मिक्सरसारखे पाणी आणि कागद घुसळते. तंतू कापले न जाता सुटे व्हावेत, एवढेच काम अपेक्षित असते. तारा, सुतळ्या, प्लास्टिकच्या पट्ट्या यांचा दोरखंडासारखा पीळ टाकीबाहेर ओढून काढतात. नंतर लगदा छिद्रांच्या आणि फटींच्या चाळण्यांतून जातो, तर शंकूच्या आकाराच्या नळ्यांमध्ये तो वेगाने फिरवून वाळू, टाचण्या आणि स्टेपल वेगळ्या केल्या जातात. सगळ्यात चिवट शत्रू म्हणजे गोंद. पुस्तकांच्या बांधणीचा, चिकटपट्टीचा आणि लेबलांचा गोंद उष्णतेने मऊ होऊन चाळणीतून निसटतो आणि पुढे वाळवणाऱ्या सिलिंडरला चिकटून चालू कागद फाडतो.

पांढरा कागद हवा असेल तर शाई काढावी लागते. लगद्यात कॉस्टिक सोडा, साबण, सोडियम सिलिकेट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घालतात. तंतूवरून सुटलेले शाईचे कण पाण्यापासून दूर राहू पाहतात, म्हणून खालून सोडलेल्या हवेच्या बुडबुड्यांना ते चिकटतात आणि काळ्या फेसाबरोबर वर येतात. हा फेस काढून टाकतात. वर्तमानपत्रांत गुळगुळीत मासिकांची थोडी भर घातली तर त्यांच्यावरील चिनी मातीच्या लेपामुळे शाई अधिक चांगली तरंगते. लेझर प्रिंटरची शाई मात्र कागदावर वितळून बसलेले प्लास्टिक असते आणि ती मोठ्या पापुद्र्यांत सुटते. फार दिवस उन्हात पडलेल्या वर्तमानपत्राची शाईही लवकर निघत नाही. खोक्यांच्या तपकिरी कागदासाठी हा सगळा खटाटोप करत नाहीत.

पुढचे काम नेहमीच्या कागदयंत्राचेच. सुमारे ९९ टक्के पाणी असलेला लगदा धावत्या जाळीवर पसरतो, पाणी गळते, रोलर दाबून आणखी पाणी काढतात आणि वाफेवर तापलेल्या सिलिंडरवरून कागद कोरडा होत जातो. जाड पुठ्ठ्यासाठी अनेक थर ओले असतानाच एकमेकांवर बसवतात. म्हणूनच औषधाच्या डबीची बाहेरची बाजू पांढरी आणि आतली करडी दिसते : चांगला लगदा वर, हलका आत. अंड्यांच्या ट्रेला तर जाळीचे साचे लगद्यात बुडवून हवा ओढून घेणे पुरते.

मर्यादा : मेणकट किंवा तेलकट कागद, प्लास्टिकचा थर असलेले चहाचे कप, सोनेरी वर्ख आणि चमकी लावलेल्या लग्नपत्रिका, एटीएमच्या पावत्या हे सगळे रद्दीत दिसायला कागदच, पण कारखान्याला नकोसे. पेयांच्या खोक्यांत कागदाशी पॉलिथीन आणि ॲल्युमिनियमचे थर जोडलेले असतात. त्यांचे तंतू मिळवता येतात, पण त्यासाठी वेगळी यंत्रणा लागते. शाई काढल्यावर उरणारा काळा गाळ आणि पल्परमधून निघणारे प्लास्टिक यांची विल्हेवाट हा प्रत्येक कारखान्याचा रोजचा प्रश्न असतो. ‘एक टन रद्दी म्हणजे सतरा झाडे’ हे फलकांवरील गणितही जपून वापरावे. झाड कोणते, कागद कोणता यावर ते बदलते. चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूरच्या कारखान्याचा कागद तर बांबूवर उभा राहिला. पाणी आणि ऊर्जा वाचते हे खरे, पण नेमकी बचत कारखान्यानुसार कमी-जास्त असते.

देशात रद्दी भरपूर असूनही भारत ती आयात करतो. आपला पुठ्ठा आधीच अनेकदा फिरलेल्या आखूड तंतूंचा असतो. अमेरिका-युरोपातील खोक्यांत लांब तंतू असतो आणि वापी, मुझफ्फरनगरसारख्या केंद्रांतील क्राफ्ट कागदाच्या, म्हणजे खोक्यांच्या मजबूत तपकिरी कागदाच्या, कारखान्यांना मजबुतीसाठी तो मिसळावा लागतो. चीनने २०१८ पासून आयात रद्दीवर कडक निर्बंध घातले आणि २०२१ पासून टाकाऊ मालाची आयातच थांबवली, तेव्हा भारताकडे येणारा ओघ वाढला. त्या गासड्यांबरोबर परदेशी घरांतले प्लास्टिकही येते.

अन्नाशी संबंध येतो तेथे नियम वेगळे आहेत. वर्तमानपत्राच्या शाईतील खनिज तेल आणि रंगद्रव्ये गरम, तेलकट पदार्थात उतरतात. म्हणून २०१८ च्या अन्नसुरक्षा वेष्टन नियमांनी वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधण्यास बंदी केली आहे. वडापावच्या गाड्यांवर ती अजून पुरती पोचलेली नाही. रद्दीपासून केलेल्या खोक्यातही शाईचे अंश राहू शकतात, त्यामुळे धान्य किंवा बिस्किटे अशा खोक्यात भरताना आत वेगळी पिशवी घालतात.