अल्पपरिचित लैंगिक ओळखी (नागपूर)

एलजीबीटी समुदायातही ज्यांना उशिरा जागा मिळाली, अशा ट्रान्स पुरुष (जन्मावेळी स्त्री म्हणून नोंद झालेले पुरुष), उभयलैंगिक, अलैंगिक (लैंगिक आकर्षण फारसे वा मुळीच न वाटणाऱ्या), आंतरलिंगी (शरीराची लैंगिक घडण जन्मतः वेगळी असलेल्या) व नॉन-बायनरी (स्त्री वा पुरुष या चौकटींत न बसणाऱ्या) व्यक्तींच्या नागपुरातील स्थानाचा हा आढावा. किन्नरांचे डेरे व गुरू-चेला परंपरा हा स्वतंत्र विषय आहे.

शहरातील संघटित काम साधारणतः एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उभे राहिले असे मानतात. सारथी ट्रस्ट ही येथील प्रमुख संस्था. तिचे काम एचआयव्ही प्रतिबंधाच्या अंगाने वाढले. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या जोखीमगटांत पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि हिजडा-ट्रान्सजेंडर व्यक्ती येत. समलिंगी स्त्रिया किंवा ट्रान्स पुरुष त्या रकान्यांत बसत नसत. साहजिकच निधीही त्यांच्या वाट्याला येत नसे. त्यांच्या मागे पडण्याचे कारण पूर्वग्रहापेक्षा या रकान्यांत अधिक सापडते. २०१६ मध्ये शहरात पहिला प्राइड मार्च निघाला.

आंतरलिंगी व्यक्तींना ट्रान्सजेंडर म्हणावे काय, हा प्रश्न वादग्रस्त आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात तृतीयपंथीयांना मान्यता दिली आणि ३० जून २०१६ च्या आदेशात समलिंगी व उभयलैंगिक व्यक्ती ट्रान्सजेंडर या संज्ञेत येत नाहीत असे स्पष्ट केले. २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्याच्या मूळ व्याख्येत मात्र ट्रान्स पुरुष, जेंडरक्वीअर (स्त्री-पुरुष ही चौकट न मानणारे) आणि किन्नर, हिजडा, अरावनी व जोगता या पारंपरिक समुदायांच्या पंक्तीला आंतरलिंगी भिन्नता असलेल्या व्यक्तीही बसवल्या गेल्या. गुणसूत्रे, संप्रेरके वा जननेंद्रिये यांची जन्मजात वेगळी घडण म्हणजे आंतरलिंगीपणा. स्वतःला स्त्री वा पुरुष मानण्याशी तिचा संबंध असेलच असे नाही. त्यामुळे स्वतंत्र वर्ग मागणाऱ्यांचा पक्ष अधिक सयुक्तिक दिसतो. आंतरलिंगी अर्भकांवरील शस्त्रक्रियांना चाप लावणारा मद्रास उच्च न्यायालयाचा २०१९ चा निकालही याच दिशेचा आहे.

२०१९ च्या कायद्याखालील २०२० च्या नियमांनी ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या ओळखपत्राचे काम जिल्हाधिकाऱ्यांकडे दिले. शपथपत्रावर ‘ट्रान्सजेंडर’ एवढीच नोंद मिळे. ‘पुरुष’ अशी नोंद हवी असल्यास वैद्यकीय उपचारांचा दाखला जोडून पुन्हा अर्ज करावा लागे. घरच्यांपासून लपून राहणाऱ्या ट्रान्स पुरुषाला तो दाखला मिळवणे किती अवघड, हे सांगायला नको.

अलैंगिकांचा या कायद्यात नामोल्लेख नाही. त्यांचा खटका उडतो तो घरात, स्थळे येऊ लागल्यावर. त्यांचा काळा-करडा-पांढरा-जांभळा ध्वज २०१० चा, तर आंतरलिंगींचा पिवळ्यावर जांभळ्या वर्तुळाचा ध्वज २०१३ चा.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ‘इतर’ या रकान्यात ४०,८९१ व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्यांत ट्रान्स पुरुष किती व आंतरलिंगी किती, हे त्या रकान्यावरून काढता येत नाही.