फाईल जाड का झाली?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत मोठ्या गिऱ्हाइकाची ऑर्डर आली की तिच्यामागून फाईलही येते. काम किती टप्प्यांत होणार, कुठे थांबून तपासायचं, ड्रॉइंगची रिव्हिजन बदलली तर सही कुणाची. हत्तरगीच्या एसईझेडमध्ये विमानाचे सुटे भाग होतात, तिथे तर कागदाशिवाय बोल्टही हलत नाही. ‘काम वीतभर, कागद हातभर’ अशी कुरकुर मीही केली आहे. पण हे खूळ कारकुनांनी काढलेलं नाही.

या फाईलीचं मूळ ‘सिस्टिम्स इंजिनिअरिंग’मध्ये आहे, म्हणजे अनेकांनी केलेले भाग एकत्र नीट चालतील असं आधीपासून आखण्याची विद्या. हा शब्द १९४० च्या दशकात अमेरिकेच्या बेल लॅबमध्ये रुजला. गाडं अडलं ते १९५४ नंतर, ॲटलास क्षेपणास्त्राच्या कामात. इंजिन एकाचं, सांगाडा दुसऱ्याचा, दिशादर्शन तिसऱ्याचं, आणि सगळं एकाच वेळी घडवायचं. या कामाचे प्रमुख होते अमेरिकी हवाई दलाचे जनरल बर्नार्ड श्रीव्हर. त्यांनी हे सांधे सांभाळायला रॅमो-वूल्ड्रिज ही कंपनी नेमली. तिने स्वतः सुटे भाग बनवायचे नाहीत, अशी अट होती. मला सगळ्या इतिहासात ही अटच फार शहाणपणाची वाटते. ज्याचा माल विकायचा असतो, त्याला सांध्यातली फट दिसत नाही.

१९५८ मध्ये पोलारिस क्षेपणास्त्रासाठी अमेरिकी नौदलाने ‘पर्ट’ची जाळी आखली, म्हणजे कुठलं काम कशावर अडलंय आणि किती वेळ घेईल याचा नकाशा. अपोलो ११ चंद्राकडे निघालं त्याच जुलै १९६९ मध्ये अमेरिकी हवाई दलाचं ‘मिल-एसटीडी-४९९’ हे मानक आलं. तांत्रिक काम कसं हाकणार, याची योजना कंत्राटदाराने आधी लिहून द्यायची, हा शिरस्ता तिथून पडला. १९९४ मध्ये संरक्षणमंत्री विल्यम पेरी यांनी लष्करी मानकांना कात्री लावली, आणि २००२ मध्ये ‘आयएसओ १५२८८’ हे याच विद्येचं आंतरराष्ट्रीय मानक आलं, ते लष्कराबाहेरही चालणारं.

आमच्याकडे जुने मिस्त्री अजून सुतात बोलतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एकदा फोनवर ‘दोन सूत’ ठरलं. आम्ही पिन केली ६.३५ मिलिमीटरची, समोरच्या वर्कशॉपने भोक पाडलं सरळ ६ चं. दोघांची मापं आपापल्या वहीप्रमाणे बरोबर, पिन मात्र आत जाईना. १९९९ मध्ये नासाचं मंगळाकडे गेलेलं एक यान असंच गमावलं: एकाचे आकडे पौंडात, दुसऱ्याने धरले न्यूटनमध्ये.

आता आमच्या फाईलीत एककाचा वेगळा रकाना आहे. मिस्त्री तो मिलिमीटरमध्ये भरतात, आणि भरताना तोंडाने सूतच मोजतात.