टीएलएस अडकतंय? बोर्ड परत पाठवण्याआधी क्लॉक तपासा

यंत्रमागाचं उत्पादन मोजून सर्व्हरला पाठवणाऱ्या आमच्या कंट्रोलर बोर्डाबद्दल सर्वांत जास्त फोन एकाच कारणासाठी येतात. ‘बोर्ड चालू आहे, एलईडी लुकलुकतो, सिरीयलवर अक्षरं नीट येतात, पण सर्व्हरशी सुरक्षित जोडणी, म्हणजे टीएलएस, होत नाही. चिपमधलं क्रिप्टो (माहिती गुप्त करणारा भाग) गेलंय.’ मागच्या हिवाळ्यात एका ग्राहकाने असे पाच बोर्ड एसटी पार्सलने परत पाठवले. पाचही शाबूत निघाले. त्यांचा आठवडा गेला, आमचे दोन दिवस.

चूक बहुतेक वेळा क्लॉकच्या, म्हणजे चिपला चालवणाऱ्या ठोक्यांच्या, सेटिंगमध्ये असते. आमच्या बोर्डावर एसटीएम३२एफ४१७ चिप आहे आणि तिला ठोका देणारा क्रिस्टल २५ मेगाहर्ट्झचा. नेटवरची बरीच उदाहरणं डिस्कव्हरी या सरावाच्या बोर्डासाठी लिहिलेली असतात, तिथे क्रिस्टल ८ चा. तो कोड जसाच्या तसा उचलला की पीएलएलचा, म्हणजे क्लॉकचा वेग वाढवणाऱ्या सर्किटचा, पहिला भाजक एम ८ राहतो. २५ भागिले ८, म्हणजे पीएलएलच्या तोंडाशी ३.१२५ मेगाहर्ट्झ, तिथे १ ते २ च चालतात. पीएलएल लॉक होत नाही, एरर हँडलर रिकामा ठेवलेला असतो, आणि प्रोसेसर चिपच्या आतल्या १६ मेगाहर्ट्झवर गुपचूप चालत राहतो.

फसगत होते ती इथेच. एचएएल, म्हणजे चिप बनवणाऱ्यांची तयार लायब्ररी, वेळ आणि बॉड रेट (सिरीयलचा वेग) त्या १६ वरूनच काढतं, म्हणून एलईडी आणि सिरीयल दोन्ही बरोबर दिसतात. माहिती गुप्त करणारं एईएसचं इंजिनही चालतं, कारण त्याला बसचंच क्लॉक मिळतं, फक्त हळू. पण रँडम नंबर जनरेटरला पीएलएलच्या क्यू शाखेतून ४८ मेगाहर्ट्झ लागतात. ते मिळाले नाहीत की स्टेटस रजिस्टरमधला सीईसीएस बिट १ होतो, नवा आकडा येत नाही, आणि हँडशेक, म्हणजे सर्व्हरशी जोडणीची बोलणी, पहिल्याच पायरीवर थांबतो.

आमच्या बोर्डासाठी एचएसई व्हॅल्यू (क्रिस्टलचा वेग) २५००००००, एम २५, एन (गुणक) ३३६, पी (प्रोसेसरसाठी भाजक) २, क्यू (जनरेटरसाठी भाजक) ७ ठेवा. प्रोसेसरला १६८ मिळतात, जनरेटरला ४८. खात्रीसाठी पीसी९ पिनवर, म्हणजे क्लॉक बाहेर काढायच्या एमसीओ-२ वर, सिस्टीम क्लॉक चारने भागून काढा आणि स्कोप लावा. ४२ दिसले तर ठीक. ४ दिसले तर तुम्ही १६ वरच आहात. वीज वाचवायला वेग १२० वर आणत असाल तर एन २४० करताना क्यू ५ करायला विसरू नका.

आणि कळकळीची विनंती: जनरेटर अडला म्हणून त्याच्या जागी सी भाषेतलं रँड फंक्शन वापरू नका. जोडणी लगेच होते, पण सीड (ज्यापासून आकडे सुरू होतात ती संख्या) तोच राहिला तर प्रत्येक बोर्डावर, दर वेळी चालू केल्यावर, तेच आकडे निघतात. मग दाराला कुलूप असून नसल्यासारखंच.

‘तुम्हीही ८ चाच क्रिस्टल का लावत नाही?’ असं विचारतात. इथरनेटच्या पीएचवायला, म्हणजे नेटवर्क केबलशी बोलणाऱ्या चिपला, २५ लागतो. तोच आम्ही एमसीओ-१ मधून त्यालाही पुरवतो, दुसरा क्रिस्टल लावावा लागत नाही. सोलापूरच्या अक्कलकोट रोडवरच्या टॉवेल कारखान्यांत कापसाची धूळ आणि मे महिन्यातला उकाडा सोसणाऱ्या बोर्डावर एक भाग कमी असलेला बरा.

तपासलेली क्लॉक फाईल प्रत्येक बोर्डासोबत मोफत देतो. हरवली असेल तर व्हॉट्सअॅपवर मागा. स्वतःचा कोड ऑर्डरसोबत पाठवलात तर त्यावर हँडशेक करून बघतो, मगच बोर्ड पॅक करतो. त्याचे वेगळे पैसे लागतात, पण पार्सलच्या येण्याजाण्यापेक्षा कमी. गड्ड्याच्या यात्रेत, संक्रांतीच्या आसपास, वर्कशॉप बंद असतं. जानेवारीची ऑर्डर डिसेंबरातच कळवा.