वोड, मॅडर, कडबेअर: रंगाऱ्यांच्या जुन्या इंग्रजीची पार्श्वभूमी

जुनं इंग्रजी वाचताना वोड, वेल्ड, मॅडर, फस्टिक, आर्चिल, कडबेअर असले शब्द आडवे आले की डिक्शनरी उघडावी लागते आणि ती सांगते 'एक प्रकारचा रंग', झालं, विषय संपला. पण हे शब्द काही कवींनी हौसेने काढलेले नाहीत, हे पक्के धंद्यातले शब्द आहेत आणि कापड रंगवणाऱ्यांच्या तोंडी ते रोज असायचे.

सुरुवातीचा संसार तीन झाडांवर चालायचा. लाल मॅडर, म्हणजे आपल्या मंजिष्ठेच्याच कुळातलं झाड, याच्या मुळ्या वापरायच्या. पिवळा वेल्ड. आणि निळा वोड. वोडच्या निळ्यावर वेल्डचा पिवळा चढवला की हिरवा मिळायचा, रॉबिन हूडच्या गोष्टीतला लिंकन ग्रीन तो हाच. वोडचं काम मात्र नको रे बाबा असं. पानं दळायची, त्याचे गोळे करून वाळवायचे, मग ते फोडून पाणी मारून आठवडेच्या आठवडे कुजवत ठेवायचे, आणि त्याचा वास इतका भयंकर की एलिझाबेथ राणीने १५८५ मध्ये राजवाड्यांच्या आसपास काही मैल हे काम करायलाच बंदी घातली.

मग समुद्रमार्गे आपली नीळ आली. गंमत म्हणजे वोडमधला आणि निळीतला रंग एकच, फक्त निळीत तो कितीतरी जास्त, त्यामुळे युरोपातले वोडवाले जाम घाबरले. जर्मनीत निळीला सैतानाचा रंग म्हणायला लागले, फ्रान्समध्ये १६०९ ला वापरणाऱ्याला थेट देहदंडाचा हुकूम निघाला. इंग्लंडने तसाच राग मेक्सिकोकडून येणाऱ्या लॉगवुडवर, म्हणजे रंग देणाऱ्या एका झाडाच्या लाकडावर काढला, रंग टिकत नाही, गिऱ्हाईक फसतं म्हणून १५८१ ला कायद्याने बंदी, ती उठली १६६२ मध्ये. अर्थात स्वस्त माल कायद्याने कुठे थांबतो? निळीसाठी इंग्रजीत तेव्हा अनिल असाही शब्द होता, आपलं 'नील' अरबी आणि पोर्तुगीज करत करत तिकडे पोचलं. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सगळ्यात भारी गोष्ट कडबेअरची. आपल्या गोडा मसाल्यातलं दगडफूल माहितीये ना, तशाच खडकावर वाढणाऱ्या लायकेनपासून स्कॉटलंडमध्ये जांभळा रंग काढायचे, आणि कथबर्ट गॉर्डन नावाच्या माणसाने १७५८ ला त्याचं पेटंट घेतलं. कडबेअर म्हणजे या कथबर्टचाच अपभ्रंश, अस्वलाशी काहीएक संबंध नाही. रंग सुटायला अमोनिया लागतो आणि तेव्हा अमोनिया मिळायचं स्वस्त ठिकाण म्हणजे शिळं मूत. त्यालाही इंग्रजीत खास शब्द होता, लँट. १७७७ मध्ये जॉर्ज मॅकिंटॉशने ग्लासगोला कारखाना काढला, शहरातल्या घराघरातून रोज मूत गोळा करून आणायचे, आणि कृती बाहेर फुटू नये म्हणून भोवती उंच भिंत, शिवाय कामगार फक्त गेलिक बोलणारे हायलँडर ठेवलेले, म्हणजे इंग्रजीत कोणाला काही सांगायचा प्रश्नच नको! याच मॅकिंटॉशच्या पोराने पुढे रबर लावलेलं वॉटरप्रूफ कापड काढलं, इंग्रज रेनकोटला मॅकिंटॉश म्हणतात ते त्याच्यामुळे.

हा सगळा शब्दसंग्रह गुंडाळला जायला कारण झालं एक पोरगं. १८५६ मध्ये १८ वर्षांचा विल्यम पर्किन लंडनमध्ये घरच्या घरी मलेरियावरचं क्विनीन बनवायच्या नादात होता, क्विनीन काही झालं नाही, पण ॲनिलिन नावाच्या तेलकट रसायनापासून जांभळा रंग हाती लागला, तोच मॉव्ह. आता ॲनिलिन हे नाव कुठून आलं, तर १८४० च्या सुमारास फ्रिट्शे नावाच्या केमिस्टने नीळ तापवून ते तेल वेगळं केलं आणि 'अनिल'वरून नाव ठेवलं. म्हणजे निळीचं नाव अशा पदार्थाला मिळालं ज्याच्या केमिस्ट्रीने पुढे निळीचाच धंदा बसवला. १८६९ ला मॅडरमधला रंग कारखान्यात बनवायच्या कृतीचं पेटंट झालं, त्यात जर्मन कंपनी पर्किनच्या फक्त एक दिवस आधी, आणि फ्रान्समधली मॅडरची शेतं बघता बघता गेली. १८९७ ला बीएएसएफ या जर्मन कंपनीची कारखान्यातली नीळ बाजारात आली, मग बिहारच्या निळीचीही घसरगुंडी. झाडंच कोणी लावेना तर त्यांची नावं कोण घेणार? वोडची शेवटची गिरणी लिंकनशायरमध्ये १९३२ पर्यंत कशीबशी तगली.

टिकले ते शब्द ज्यांना दुसरी नोकरी मिळाली. लायकेनच्या त्याच रंगांतलं लिटमस शाळेच्या लॅबमध्ये जाऊन बसलं. लॉगवुड तर थेट हॉस्पिटलात, बायोप्सीच्या स्लाइडवर पेशींची केंद्रकं निळीजांभळी दिसतात ती त्यातल्या हेमॅटॉक्सिलिनमुळे, अजूनही. किरमिजी रंगाचे वाळवलेले किडे दाण्यासारखे दिसायचे म्हणून त्यांना ग्रेन म्हणायचे, आणि त्यात पक्कं रंगवलेलं ते इनग्रेन्ड, आज हा शब्द लोकांच्या सवयींबद्दल वापरतात. आणि आपली लाख, ती इंग्रजीत लेक झाली, तळ्याशी संबंध नाही. घरातली एखादी गोळ्यांची स्ट्रिप उलटी करून बघा, 'लेक ऑफ सनसेट यलो' असं बारीक अक्षरात बऱ्याचदा सापडतं, त्यात आता लाखेचा कणही नसतो.