मुलांचा दिनक्रम आणि मेंदूची वजाबाकी

जूनमध्ये सांगलीतल्या बालवाड्या भरू लागल्या की पालकांची एक शंका हमखास कानावर येते. रोज तीच प्रार्थना, तीच बडबडगीते, हात धुऊन तोच डबा. अशाने मूल कंटाळणार नाही का आणि त्याची कल्पकता मारली जाणार नाही का? शंका वरवर रास्त आहे, पण ती मोठ्या माणसाच्या कंटाळ्यावरून काढलेली आहे. झोपताना रोज सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीतले एक वाक्य आजीने गाळून पाहावे. तीन वर्षांचे नातवंड तिला तिथेच अडवते आणि राहिलेले वाक्य म्हणायला लावते.

पुढे काय येणार याचा अंदाज बांधणे हे मेंदूचे मूलभूत काम आहे आणि ते फार लवकर सुरू होते. 1996 साली मानसशास्त्रज्ञ जेनी सॅफ्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ महिन्यांच्या बाळांना तीन-तीन अक्षरांचे निरर्थक शब्द एकामागून एक, मध्ये न थांबता, दोन मिनिटे ऐकवले. कोणत्या अक्षरामागून कोणते अक्षर नेहमी येते, एवढ्याच आधारावर बाळांनी त्या सलग उच्चारांतले शब्द वेगळे ओळखले. त्यासाठी त्यांना कोणी शिकवले नव्हते, की शाबासकीही दिली नव्हती.

अंदाज एकदा बांधला गेला की पुढे जे घडते, ते मला सर्वांत विलक्षण वाटते. मेंदूसंशोधक वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मध्यमेंदूतील डोपामिन हे संदेशवाहक रसायन स्रवणाऱ्या चेतापेशींचे विद्युत्संकेत नोंदवले. अचानक फळांचा रस मिळाला की या पेशी उद्दीपित होत. रसाच्या आधी प्रत्येक वेळी ठरावीक खूण दाखवली, तर काही दिवसांनी पेशी त्या खुणेलाच प्रतिसाद देऊ लागत आणि प्रत्यक्ष रस मिळताना शांत राहत. खूण दाखवून रस दिलाच नाही, तर रस मिळायला हवा होता नेमक्या त्याच क्षणी त्यांचे संकेत मंदावत. 1997 मध्ये शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी याचा जो अर्थ लावला तो एका वजाबाकीत सांगता येतो: प्रत्यक्ष मिळाले त्यातून अपेक्षित होते ते वजा करायचे. बाकी धन असेल तर संकेत वाढतात, शून्य असेल तर आहेत तसेच राहतात आणि ऋण असेल तर घटतात. ही बाकी मेंदूतल्या स्ट्रायटम या भागाकडे पोहोचते आणि तिथल्या चेतासंधींचे, म्हणजे चेतापेशींमधील जोडण्यांचे, बळ तिच्यानुसार कमी-जास्त होते. ऋण बाकी ठरलेल्या क्षणीच उमटते, याचा अर्थ मेंदूने ‘काय’ याच्याबरोबर ‘केव्हा’ हेही टिपून ठेवलेले असते. माकडांवरचा निष्कर्ष मुलांना जसाच्या तसा लावता येत नाही हे खरे. तरी ज्याची अपेक्षाच नव्हती ते न मिळाल्याची ऋण बाकी उरत नाही, हा मुद्दा दोघांनाही लागू आहे.

   

दिनक्रम ही अपेक्षा पुरवतो. अंगणवाडीत खेळ संपला की नळ, नळानंतर सतरंजी आणि मग खाऊ, असा क्रम मुरलेला असताना एखाद्या दिवशी नळापाशी साबण नसला, तर चार वर्षांची मुलगी ओले हात तसेच धरून ‘बाई, साबण कुठाय?’ असे विचारते. साबण रोज असतो म्हणूनच त्याचे नसणे तिच्या लक्षात येते. एमी स्टाल आणि लिसा फायगेनसन या मानसशास्त्रज्ञांच्या 2015 मधील प्रयोगात भिंतीतून आरपार गेल्यासारखा भासणारा चेंडू अकरा महिन्यांच्या बाळांना दाखवला, तेव्हा त्यांनी तो हातात घेऊन आपटून पाहिला. आधाराशिवाय अधांतरी राहिलेली वस्तू दाखवली, तेव्हा ती खाली टाकून पाहिली. अपेक्षाभंग करणाऱ्या वस्तूविषयी बाळे अधिक शिकलीही.

आत्मविश्वासाचे मूळही इथेच आहे. पुढची पायरी ठाऊक असलेले मूल मोठ्यांच्या सूचनेची वाट न पाहता स्वतःच चप्पल जागेवर ठेवते, डब्याचे झाकण उघडायला बसते आणि ते नाही उघडले तर नेमकी तेवढ्यापुरती मदत मागते.

मात्र दिनक्रम असलेल्या घरांतील मुले पुढे असतात, असे म्हणताना जपून बोलले पाहिजे, कारण त्या घरांत उत्पन्न, झोप आणि आईवडिलांचा वेळही बहुधा स्थिर असतो. घड्याळाचाही आग्रह नको. झोपेची वेळ शक्यतो ठरलेली असावी, पण इतर बाबतींत मुलाला तास-मिनिटांपेक्षा कशानंतर काय हे आधी कळते. कुपवाडच्या एमआयडीसीत वडिलांची पाळी दर आठवड्याला बदलत असली, तरी ते घरी आले की आधी हातपाय धुणे, मग गोष्ट, एवढा क्रम टिकू शकतो. ऊसतोडीच्या हंगामात पहाटे फडावर निघणाऱ्या आईलाही कोपीत परतल्यावर चूल पेटवताना रोज तेच गाणे म्हणता येते.