होडीवरील पीव्हीसी छत

लहान, उघड्या होडीवर सावलीसाठी पाणीपुरवठ्याच्या पीव्हीसी पाइपांचा सांगाडा उभारून त्यावर कापड, ताडपत्री किंवा शेडनेट ताणून घरच्या घरी केलेले छत. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत, विशेषतः तळ्यांत आणि संथ नद्यांत गळाने मासे धरणाऱ्या हौशी लोकांमध्ये, ते बरेच दिसते. तिथली नेहमीची होडी म्हणजे ‘जॉन बोट’. सपाट तळाची, बहुधा ॲल्युमिनियमच्या पत्र्याची, साडेतीन ते साडेचार मीटर लांबीची आणि वरून सताड उघडी. उन्हाळ्यात वरून ऊन आणि खालून तापलेला पत्रा अशा कैचीत सापडलेला माणूस दुपारपर्यंत टिकत नाही. छताची गरज निघते ती तिथून.

या छताचा मूळ नमुना ‘बिमिनी टॉप’. बाजूंनी मोकळे, पुढे-मागे घडी होणारे हे कापडी छत ॲल्युमिनियमच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या कमानींवर ताणलेले असते. मायामीच्या पूर्वेस सुमारे ८० किमीवर बहामातील बिमिनी बेटे आहेत, त्यांचे नाव त्याला मिळाले. तयार बिमिनीला काही शे डॉलर पडतात. पाइप, जोड आणि ताडपत्री मिळून घरचे छत शंभर डॉलरच्या आत उभे राहते. पाइप हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, करवतीने कापला जातो, वेल्डिंग लागत नाही आणि तो गंजत नाही. गोड्या पाण्यापेक्षा खाऱ्या पाण्यात हा शेवटचा गुण जास्त मोलाचा. मात्र पीव्हीसी म्हणजे स्वस्तातले ॲल्युमिनियम नव्हे, आणि ही छते बिघडतात ती बहुतेक याच गैरसमजामुळे.

दोन्हींच्या ताठपणात फार अंतर आहे. साध्या तापमानाला कडक पीव्हीसीचा प्रत्यास्थता गुणांक, म्हणजे ताठपणाचे माप, ३ गिगापास्कलच्या आसपास असतो, ॲल्युमिनियमचा ७०च्या जवळ. म्हणजे त्याच मापाची नळी वीसपटीहून जास्त लवते. त्यात उष्णतेची भर पडते. पीव्हीसी ८० अंश सेल्सिअसच्या सुमारास मऊ पडते, पण ताकद त्याआधीच उतरू लागते. २३ अंशांना पाइपाची जी दाबक्षमता धरतात, ती ४३ अंशांना निम्मी आणि ६० अंशांना एक पंचमांशाच्या थोडी वर, एवढीच उरते. सतत भार असला तर पाइप कायमचा वाकतो. अभियांत्रिकीत याला विसर्पण म्हणतात. मे महिन्यात सरळ लावलेली आडवी नळी ऑगस्टात पोक काढून बसते आणि उलटी फिरवून लावली तरच पुन्हा सरळ दिसू लागते. रंगाचाही परिणाम होतो. बदकांची शिकार करणारे लोक अशाच सांगाड्यावर गवत आणि जाळी बांधून दडणी करतात, आणि त्यासाठी पाइप गडद हिरवा किंवा तपकिरी रंगवतात. हिवाळ्यात ते चालते. तोच सांगाडा उन्हाळ्यात छताला वापरला की गडद रंग ऊन शोषतो आणि नळ्या लवकर लवतात.

उन्हातल्या अतिनील किरणांनी पाइप आधी पिवळसर पडतो, मग पृष्ठभागावर खडूसारखी भुकटी धरतो. ताणशक्ती आणि ताठपणा यांत त्याने फारसा फरक पडत नाही, आघात सोसण्याची शक्ती मात्र घटते. दिसायला धडधाकट असलेला जुना पाइप धक्क्याला आपटला की काचेसारखा तडकतो, तो यामुळेच. फिक्या रंगाच्या पाण्यातल्या ॲक्रिलिक रंगाचा हात दिला तर पाइप पुष्कळ टिकतो. होडीत कोपराने पुन्हा पुन्हा घासल्या जाणाऱ्या जागी तो रंग निघतो, एवढीच तक्रार.

मापांचा प्रश्न वेगळा. अमेरिकेतील ‘शेड्यूल ४०’ (भिंतीच्या जाडीचा तिथला एक ठरलेला दर्जा) पाइपात एक इंची म्हटलेल्या नळीचा बाहेरचा व्यास ३३.४ मिमी असतो, पाऊण इंचीचा २६.७ मिमी. खांबांना एक किंवा दीड इंची आणि वरच्या आडव्या नळ्यांना पाऊण इंची अशी वाटणी बहुतेक जण करतात. छताची उंची कमी-जास्त करता यावी म्हणून पाऊण इंची नळी एक इंचीत सरकवण्याची कल्पना सगळ्यांनाच सुचते आणि सगळेच तिथे फसतात. एक इंची नळीचा आतला व्यास १.०४९ इंच आणि पाऊण इंचीचा बाहेरचा १.०५० इंच. हजारांश इंचाने घोडे अडते. एक तर बाहेरची नळी पातळ भिंतीची घ्यावी लागते, नाहीतर एक इंची नळी सव्वा इंचीत घालावी लागते. ती थोडी सैल बसते, पण आरपार खिळी घातली की भागते.

भारतात हाच सांगाडा करायचा तर अमेरिकी मापे जशीच्या तशी चालत नाहीत. आयएस ४९८५ या मानकाचे पाइप बाहेरच्या व्यासाने, मिलिमीटरमध्ये मोजतात: २०, २५, ३२, ४०, ५०. प्लंबर ३२ मिमीला सवयीने ‘एक इंची’ म्हणतो, पण त्याचे जोड ३३.४ मिमीच्या नळीवर चढत नाहीत. शिवाय दुकानदार आधी विचारतो, ‘किती किलोचा?’ हा पाइपाच्या वजनाचा प्रश्न नसून दर चौरस सेंटीमीटरला तो किती किलो दाब सोसतो, याचा आहे. चार किलोचा शेतीचा राखाडी पाइप हलका आणि स्वस्त, पण भिंत पातळ. छताच्या खांबाला तो नको. दहा किलोचा घ्यावा.

बांधणीत सर्वांत विचार करायचा तो जोडांचा. पीव्हीसीचे सोल्यूशन गोंदासारखे नुसते चिकटत नाही. ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करते आणि तो जोड पुन्हा सुटत नाही. त्यामुळे वरची चौकट सोल्यूशनने पक्की करतात. खांब मात्र चौकटीला आणि होडीच्या काठाला खिळीने किंवा बोल्टने, सुटे होतील असे जोडतात. होडीच्या काठावर गळाची काठी उभी करायचे रॉड होल्डर असतील तर खांब सरळ त्यांतच रोवले जातात. पत्र्याला भोक पाडावे लागत नाही. टोकांना टोप्या चिकटवून नळ्या हवाबंद केल्या तर आणखी एक फायदा मिळतो. एक इंची शेड्यूल ४० पाइपाचे वजन मीटरला अर्ध्या किलोच्या जवळपास असते आणि हवाबंद असताना तो जवळजवळ ९०० ग्रॅम पाणी सारतो, म्हणून उडून पाण्यात पडलेला सांगाडा तरंगत राहतो. तोंडे उघडी असली की तोच तळाला जातो.

छत सपाट ठेवणे ही नवख्याची खूण. एक चौरस मीटरच्या खळग्यात चार सेंटीमीटर पाणी साचले तरी ४० किलो भार होतो, आणि तो डोक्यावर. म्हणून आडव्या नळ्या थोड्या लांब कापून, दाबून कमानीसारख्या बसवतात. मधोमध वीसेक सेंटीमीटर उठाव मिळाला की पाणी निथळते. नळी तापवून वाकवायची असेल तर ती आत पिचकू नये म्हणून वाळू भरतात. आच थेट लावू नये. पीव्हीसी करपले की हायड्रोजन क्लोराइडचा घशाला झोंबणारा वायू सुटतो.

पावसाहून मोठा शत्रू वारा. हवेचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. दोन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद कापड वाऱ्याला पूर्ण सामोरे गेले तर ताशी २० किमीला त्यावर सुमारे ६ किलो, ४० किमीला २३ किलो आणि ६० किमीला ५२ किलो जोर येतो. आडवे ताणलेले छत एवढा वारा घेत नाही. पण पुढची कड सुटली की कापड फुगते आणि छताचे शीड होते. त्यामुळे चारही कोपऱ्यांतून नाळेकडे (होडीच्या पुढच्या टोकाकडे) आणि मागच्या काठाकडे तिरक्या दोऱ्या ताणतात. पाइपांच्या जाडीपेक्षा या दोऱ्याच छत जागेवर धरतात. शेडनेटमधून वारा आरपार जातो म्हणून ते ताडपत्रीपेक्षा बरे, मात्र पाऊस अडत नाही. निळी प्लॅस्टिकची ताडपत्री सर्वांत स्वस्त, पण उन्हाने तिचे धागे लवकर सुटतात. रुंदीने कमी असलेल्या होडीवर छत जितके उंच, तितकी ती वाऱ्याने कलण्याची भीती अधिक. होडी उलटली तर आतले लोक सांगाड्यात अडकू शकतात, म्हणून बाजू कापडाने बंद करू नयेत. रात्री होडी न्यायची असेल तर सर्व बाजूंनी दिसायला हवा असा पांढरा दिवा छताआड जाता कामा नये.

बांबू आणि काथ्याने शाकारलेले केरळच्या केट्टुवल्लमचे छप्पर किंवा काश्मिरी शिकाऱ्याची कापडी छत्री ही होडीच्या घडणीचाच भाग असते. पीव्हीसी छत मागाहून चढवलेले, उपरे. कोकणच्या किनाऱ्यावर तर वेळच उलटी पडते. दुपारी ऊन सर्वांत कडक असते तेव्हाच खारे वारे जोर धरतात, म्हणजे सावली हवी आणि वाराही अंगावर. अशा ठिकाणी बांबूचा किंवा लोखंडी पाइपाचा मांडवच योग्य. पीव्हीसी खाडीच्या आतल्या शांत भागात किंवा धरणाच्या जलाशयात, गळ टाकून एका जागी बसणाऱ्यासाठी ठीक.

या छताची खरी परीक्षा पाण्यावर होतच नाही, ती रस्त्यावर होते. होडी ट्रेलरवर चढवून ताशी १०० किमीने ओढली तर आधी सांगितलेल्याच दोन बाय दीड मीटर, म्हणजे तीन चौरस मीटर कापडावर १४० किलोहून अधिक जोर येऊ शकतो. धक्क्यावर पोहोचल्यावर छत आधी उतरवतात. कापड गुंडाळून, खांब उपसून, पाइपांची मोळी होडीच्या तळाशी बांधून टाकतात आणि मगच गाडी सुरू करतात.