कुलूपबंद खोलीतला सर्व्हर दुरून कसा सुरू होतो : ग्राहकांसाठी माहिती

जिनिंग, राइस मिल आणि पतसंस्था चालवणाऱ्या आमच्या बहुतेक ग्राहकांचा सर्व्हर संध्याकाळी कुलूप लागल्यापासून सकाळपर्यंत एकटाच चालत असतो. तो अडकला तर प्रत्येक वेळी आमच्या माणसाने गावापर्यंत येण्याची गरज नाही.

सर्व्हरच्या मदरबोर्डवर बीएमसी नावाचा स्वतंत्र नियंत्रक असतो. डेल त्याला आयड्रॅक म्हणते, एचपीई (पूर्वीची एचपी) आयएलओ. मुख्य यंत्रणा गोठली तरी वीज मिळत असेपर्यंत तो जागा राहतो, त्यामुळे आम्हाला आमच्या कार्यालयातून आतले तापमान व पंख्यांचा वेग पाहता येतो आणि रीसेटही देता येतो. पडदा दुरून पाहण्याची सोय काही मॉडेलांत वेगळ्या लायसन्सनेच मिळते, म्हणून खरेदीपूर्वी आम्हाला अवश्य विचारावे.

रीसेट देण्याआधी आम्ही तापमान पाहतोच. जिनिंगमध्ये पुढच्या जाळीवर रुईचे तंतू बसतात, आणि मे महिन्यात अशी जाळी तुंबून सर्व्हर तापला असेल, तर तो पुन्हा सुरू करण्यापेक्षा जाळी साफ होईपर्यंत बंद ठेवणेच योग्य असते. शिवाय हिशेबाची नोंद अर्धी लिहिली जात असताना थेट रीसेट दिल्यास डेटाबेस बिघडू शकतो. म्हणून आधी रीतसर बंद करण्याचा प्रयत्न करतो, थेट रीसेट हा शेवटचा उपाय.

साध्या कॉम्प्युटरचाच सर्व्हर केला असेल, तर त्यात बहुधा बीएमसी नसतो. वेक-ऑन-लॅनने, म्हणजे नेटवर्कवरून पाठवलेल्या संदेशाने, बंद मशीन सुरू होते, अडकलेले मात्र सुटत नाही.

मृगाच्या वादळात लाईन जाते-येते, तेव्हाची एक अडचण नीट समजून घ्यावी. यूपीएसची बॅटरी संपत आली की सर्व्हर रीतसर बंद होतो. बायॉसमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या मूळ सेटिंगमध्ये, वीज परत आल्यावर काय करायचे यासाठी ‘पूर्वीची स्थिती’ हा पर्याय निवडलेला असेल, तर ती स्थिती ‘बंद’ अशीच नोंदलेली असल्यामुळे वीज आल्यावरही तो सुरू होत नाही. आम्ही तेथे ‘नेहमी सुरू करा’ ठेवतो. मात्र बॅटरी पूर्ण संपण्यापूर्वीच लाईन आली, तर सर्व्हरच्या दृष्टीने वीज गेलेलीच नसते आणि तो बंदच राहतो. अशा वेळी बीएमसीतूनच तो सुरू करावा लागतो.

बीएमसीचा मूळ पासवर्ड आम्ही पहिल्याच दिवशी बदलतो आणि बीएमसी इंटरनेटवर उघडा न ठेवता फक्त व्हीपीएनमधून, म्हणजे सुरक्षित खासगी जोडणीतून, वापरतो. राउटरमध्ये बीएमसीसाठी कोणालाही पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याची वाट, उघडू देऊ नये.

राउटर आणि फायबरचा डबा यांनाही यूपीएसवरच जोडावे. ते बंद पडले, तर सर्व्हर चालू असूनही आम्ही त्याच्यापर्यंत पोहोचू शकत नाही.